सहा मागांचा एक माणूस

वीस मेगाबाइट माहिती आणि चाळीस मेगाबिटची जोडणी. आठाने गुणा, चाळिसाने भागा: चार सेकंदांचं काम. भिवंडी तालुक्यातल्या अंबाडीत, आमच्या माळ्यावर बसून मी ते सुरू केलं, तेव्हा खाली कुकरची पहिली शिट्टी झाली होती. संपलं तेव्हा कुकर उतरला होता आणि वरणाला फोडणीही बसली होती. जवळजवळ सात मिनिटं लागली.

मला हव्या होत्या हवामानाच्या जुन्या नोंदी, अमेरिकेतल्या एका सर्व्हरवरच्या. ४०० फाइली, एकेक साधारण ५० किलोबाइटची. पायथनमध्ये दहा-बारा ओळींचा साधासरळ प्रोग्राम लिहिला होता. सर्व्हरला जोड, पहिली फाइल आण, मग दुसरी आण, मग तिसरी. वाटलं, नेटच मंद असणार. तपासलं तर नेट ठणठणीत. प्रोसेसरचा काटा एक टक्क्यावर पेंगत होता. तार रिकामी, लॅपटॉप रिकामा, पलीकडचा सर्व्हरही बहुधा रिकामाच. सगळे मोकळे आणि काम मात्र रखडलेलं! हे दृश्य आपल्याकडच्या कचेऱ्यांना नवीन नाही, पण यंत्राकडून माझी ती अपेक्षा नव्हती.

वेळ गेला कुठे, हे कळायला एका फाइलीसाठी तारेवर काय संभाषण होतं ते ऐकावं लागतं. आणि ते खरोखर ऐकता येतं, कारण एफटीपी म्हणजे फाइली नेण्या-आणण्याचा हा शिष्टाचार चक्क वाचता येईल अशा शब्दांत चालतो. सर्व्हर म्हणतो, ‘२२०’, म्हणजे या, मी तयार आहे. आपण नाव सांगतो. तो म्हणतो ‘३३१’, नाव कळलं, आता पासवर्ड. पासवर्ड दिला की ‘२३०’, आत या. प्रत्येक उत्तराचा पहिला आकडा म्हणजे सर्व्हरच्या चेहऱ्यावरचा भाव समजा. १ म्हणजे सुरू करतोय, २ म्हणजे झालं, ३ म्हणजे पुढचं सांग, ४ म्हणजे आत्ता जमत नाही, पुन्हा ये, आणि ५ म्हणजे नाही म्हणजे नाही. वेबवर सगळ्यांच्या ओळखीचा झालेला ४०४ हा याच घराण्यातला.

या शिष्टाचाराचा पहिला मसुदा अभय भूषण यांनी लिहिला. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले हे विद्यार्थी पुढे एमआयटीत शिकत होते. मसुद्यावरची तारीख १६ एप्रिल १९७१ आहे. ज्या टीसीपी-आयपीवर आजचं इंटरनेट उभं आहे, ते इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटने स्वीकारलं १ जानेवारी १९८३ ला. म्हणजे रस्ता पक्का व्हायच्या बारा वर्षं आधी गाडी धावत होती. १९८५ मध्ये जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनॉल्ड्स यांनी नियम नव्याने लिहून काढले, आणि आजही एफटीपी मुख्यतः त्यांवरच चालतं.

आता मोजदाद. ओळखपाळख एकदाच होते, पण पुढे प्रत्येक फाइलीसाठी निदान तीन फेऱ्या होतात. कुठल्या दारावर येऊ ते विचारायची एक, त्या दाराशी नवी जोडणी करायची दुसरी, फाइल मागायची तिसरी. शिवाय टीसीपीचा स्वभाव भिडस्त. नव्या जोडणीवर तो आधी थोडंसं पाठवतो, पोच आली की दुप्पट, ती पोच आली की आणखी. ५० किलोबाइटसाठी त्यात अजून दोनेक फेऱ्या जातात. एकूण पाच धरा.

एक फेरी केवढ्याची? काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. अमेरिकेचा पूर्व किनारा इथून साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास. जाऊन-येऊन सव्वाशे मिलिसेकंद तर निसर्गच घेतो, त्यात कुणाचीही वशिलेबाजी चालत नाही. समुद्राखालच्या केबलींची वळणं आणि वाटेतले राउटर धरले की ते २०० वर जातं. पाच फेऱ्या म्हणजे एक सेकंद. ४०० फाइली म्हणजे ४०० सेकंद. सात मिनिटांचं कोडं सुटलं. मी माहिती उतरवत नव्हतोच, मी वाट पाहत होतो.

आणि ती वाट किती लांब, तेही ऐका. माझ्या लॅपटॉपचा प्रोसेसर सेकंदाला ३०० कोटी ठोके देतो. २०० मिलिसेकंदांत ६० कोटी. त्याचा एक ठोका आपल्या एका सेकंदाएवढा मानला, तर ६० कोटी सेकंद म्हणजे १९ वर्षं! माझ्या प्रोग्रामने विचारलं, ‘कुठल्या दारावर येऊ?’ आणि उत्तर येईपर्यंत तो १९ वर्षं उंबरठ्यावर बसून राहिला. मग उठला, पुढचं वाक्य बोलला, आणि पुन्हा १९ वर्षं. फाइलीमागे पाच वेळा, अशा ४०० फाइली.

जेवताना हे काकांना सांगितलं. काकांचं अख्खं उमेदीचं आयुष्य भिवंडीत यंत्रमागावर गेलं. लॅपटॉपशी त्यांचा संबंध नातवाच्या कार्टूनपुरता. ते म्हणाले, ‘‘म्हणजे तू एका मागावर एक माणूस उभा केलास. असा धंदा कोण करतं?’’

या एका वाक्यात सगळं आलं.

भिवंडीतल्या साध्या यंत्रमागावर धोटा इकडून तिकडे धावतो. धोट्यात कांडी असते, कांडीवर आडव्या धाग्याचं सूत. कांडी संपली किंवा आडवा धागा तुटला की माग आपणहून थांबतो. कारागीर येतो, कांडी बदलतो, दांडा ओढतो, माग पुन्हा चालू. एक कांडी संपायला काही मिनिटं, बदलायला काही सेकंद. मधल्या वेळात त्याने त्या एकाच मागाकडे टक लावून बसायचं का? म्हणून एकेक कारागीर चार, सहा, कधी त्याहूनही जास्त माग सांभाळतो. काका सहा सांभाळायचे.

‘‘एवढ्या खडखडाटात कळायचं कसं, कुठला थांबला ते?’’ मी विचारलं.

‘‘आवाजावरून नाही रे. आवाज गेला त्यावरून. सहांतला एक गप्प झाला की पाठ असली तरी कानाला कळतं.’’

संगणकवाल्यांनी कामाच्या एका सलग ओघाला थ्रेड, म्हणजे धागा, असं नाव दिलं आहे. यंत्रमागाच्या तालुक्यात राहून हा शब्द वापरताना मला जरा हसू येतं. एका जोडणीमागे एक थ्रेड ठेवायचा, हा झाला एका मागावर एक माणूस. चालतं तेही, पाच-पंचवीस जोडण्यांना उत्तम चालतं. पण प्रत्येक थ्रेडला उभं राहायला जागा लागते. लिनक्सवर नेहमीच्या मांडणीत एकेकासाठी ८ मेगाबाइटपर्यंत पत्ता-जागा राखून ठेवली जाते. हजारो झाले की त्यांची पाळी लावण्यातच यंत्र थकतं. १९९९ मध्ये डॅन केगेल यांनी हाच प्रश्न जाहीरपणे मांडला होता: एका यंत्राने एकाच वेळी दहा हजार जोडण्या सांभाळायच्या कशा?

उत्तर काकांचंच. माणूस एक, माग अनेक, आणि जो गप्प होईल त्याच्याकडे जायचं.

यासाठी आधी ऑपरेटिंग सिस्टीमशी बोलणं करून घ्यावं लागतं. एरवी प्रोग्राम म्हणतो, ‘या जोडणीवर आलेलं वाचून दे’, आणि काही आलेलं नसेल तर सिस्टीम त्याला तिथेच निजवते. जोडणी बिनखोळंब्याची केली की ती निजवत नाही, ‘आत्ता काही नाही’ एवढं सांगून लगेच मोकळं करते. पण म्हणून दर क्षणाला शंभर जोडण्यांची दारं ठोठावत फिरायचं नसतं, तो निव्वळ वेडेपणा. त्याऐवजी सिस्टीमकडे यादी द्यायची: या शंभर जोडण्या, यांतली कुठलीही जागी झाली तर मला उठव. लिनक्समध्ये २००२ च्या सुमारास आलेली ईपोल ही सोय नेमकं हेच करते. तिच्याआधीच्या सिलेक्टला प्रत्येक वेळी पूर्ण यादी पहिल्यापासून तपासावी लागे. म्हणजे आवाज जायची वाट न पाहता एकेका मागापाशी जाऊन बघणं.

या ईपोलभोवती एक चक्र फिरत असतं, त्याला इव्हेंट लूप म्हणतात. कोण जागं झालं? त्याचं काम कर. आता कोण? त्याचं कर. कोणीच नाही? मग झोप. हो, खरोखर झोप. शंभर फाइली अर्ध्या वाटेत असतात आणि प्रोग्राम गाढ झोपलेला असतो. नेटवर्क कार्डावर चार बाइट टपकले की कार्ड प्रोसेसरला डिवचतं, सिस्टीम यादी बघते, चक्राला हलवते, चक्र त्या फाइलीचं पुढचं पाऊल टाकतं आणि परत आडवं होतं. हे पहिल्यांदा उमगलं त्या रात्री मी बराच वेळ प्रोसेसरच्या काट्याकडेच बघत बसलो होतो. पहिल्या प्रोग्रामच्या वेळीही काटा एक टक्क्यावर होता, आताही जवळपास तिथेच. फरक एवढाच की तेव्हाची झोप एका फाइलीसाठी होती, आताची सगळ्यांसाठी.

हे सगळं हाताने लिहायचं म्हटलं तर डोकं फिरेल. कारण चक्र एकच असलं तरी प्रत्येक फाइलीची गोष्ट वेगळ्या पानावर असते. ही पासवर्डापाशी, ती अर्धी उतरलेली, तिसरीला नुकतं ‘५५०’ म्हणजे नकार मिळालेला. प्रत्येकीच्या पानात खूण घालून ठेवायला हवी. लायब्ररी, म्हणजे आधीच लिहून ठेवलेला तयार कोड, या खुणा सांभाळते. पायथनमध्ये २०१५ साली असिंक आणि अवेट हे दोन शब्द भाषेतच आले, आणि लिहिणाऱ्याच्या डोक्याचा भार उतरला. ‘अवेट’ लिहिलेली ओळ म्हणजे कारागिराने मागाकडे फिरवलेली पाठ: इथे मला थांबायचं आहे, तोवर तू दुसऱ्याचं बघ, उत्तर आलं की मला याच ओळीवरून, हातातल्या सगळ्या सामानासकट उठव. वाचताना प्रोग्राम सरळ वरून खाली जाणारा दिसतो. चालताना तो शंभर ठिकाणी अर्धवट उभा असतो.

आतली मेहनत मात्र बघण्यासारखी. सर्व्हरने ‘२२६’ पाठवलं म्हणून ते तसंच येईल असं नाही. आधी ‘२२’ येईल, १९ वर्षांनी ‘६’. लायब्ररी अर्धं वाक्य पदरात धरून ठेवते, ओळ पुरी झाल्याशिवाय अर्थ लावत नाही. दार कुठलं, याचं उत्तरही सरळ नसतं. सर्व्हर सहा आकडे देतो, पहिले चार पत्त्याचे आणि शेवटचे दोन दाराचे. ते १९५ आणि १४९ असतील तर १९५ गुणिले २५६ अधिक १४९, म्हणजे दार क्रमांक ५००६९. एफटीपीत बोलण्याची तार वेगळी आणि माल नेण्याची वेगळी. हवा तर फोनवर सौदा आणि ट्रकने माल म्हणा. पूर्वीच्या पद्धतीत माल पाठवायला सर्व्हरच आपल्याकडे उलटा फोन लावायचा. घराघरांतल्या राउटरच्या आड ते जमत नाही, कारण बाहेरून आलेला अनोळखी फोन राउटर घेतच नाही. म्हणून आता दार विचारून आपणच जायचं.

या वेगळ्या तारेतूनच एक भलताच घोळ होतो. मोठी फाइल वीस मिनिटं उतरत असते, आणि तेवढा वेळ बोलण्याच्या तारेवर चिटपाखरू नसतं. मधला राउटर समजतो की ही जोडणी मेली, आणि तिची नोंद पुसून टाकतो. फाइल पुरी येते, सर्व्हर ‘झालं’ म्हणतो, पण ते ‘झालं’ आपल्यापर्यंत पोचतच नाही. प्रोग्राम अनंतकाळ कान लावून बसतो. चूक नाही, नकार नाही, काहीच नाही.

हेही काकांना ठाऊक होतं, म्हणजे त्यांच्या भाषेत. आडवा धागा तुटला तर माग थांबतो. उभा तुटला तर साधा माग थांबत नाही, विणतच राहतो, फक्त कापडात उभी रेघ पडत जाते. ‘‘त्याला कान उपयोगाचा नाही. मधूनमधून फेरी मारून डोळ्यांनीच बघावं लागतं.’’ प्रोग्रामातली ही फेरी म्हणजे टाइमआउट. अमुक सेकंदांत काही कळलं नाही तर गृहीत धर की धागा तुटला. लायब्ररी वापरून लिहिलेल्या माझ्या पहिल्या प्रयत्नात तो लावलेला नव्हता, आणि एक फाइल रात्रभर ‘येतेय, येतेय’ म्हणत राहिली.

दुसरी चूक जास्त लाजिरवाणी होती. उतरलेली प्रत्येक फाइल उघडून मी तिथल्या तिथे आकडेमोड करत होतो, फाइलीमागे दोनेक सेकंदांची. तेवढ्यात बाकी सगळ्या जोडण्या ठप्प. चक्र एकच आणि तेच हिशेबात गुंतलेलं. हा म्हणजे एका मागापाशी बसून विडी ओढत राहिलेला कारागीर: पाचही कांड्या संपून माग एकामागून एक गप्प, आणि याला पत्ता नाही. लायब्ररी कितीही बिनखोळंब्याची असो, आपण खोळंबा घातला तर ती काय करणार? जड काम वेगळ्या थ्रेडकडे किंवा, पायथनमध्ये त्याहून बरं, वेगळ्या प्रोसेसकडे सोपवायचं आणि त्याचीही ‘अवेट’ने वाट बघायची.

राहता राहिली हाव. चारशे फाइली एकदम मागितल्या की सर्व्हर ‘४२१’ म्हणून दार लावून घेतो, आणि त्याचं बरोबरच असतं. एका जोडणीवर एका वेळी एकच फाइल येते, म्हणून जोडण्या वाढवायच्या, पण बेताने. त्यासाठी सेमाफोर असतो. नाव रेल्वेकडून आलेलं, हात वर-खाली करणाऱ्या जुन्या सिग्नलचं. प्रोग्रामिंगमध्ये ते १९६०च्या दशकात डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी आणलं. मी आठ गाड्यांना हिरवा दिला. नववी येते ती उभी राहते, एक सुटली की आत जाते. ४०० सेकंदांचे ५० झाले. तीच तार, तोच लॅपटॉप, समुद्राखालचा तोच प्रकाश, त्याच वेगाचा.

ही युक्ती नवी नाही, याचा मला वेगळाच आनंद वाटतो. खोळंबून न राहता फाइल पोचवणं ही कल्पना टेलिफोनच्या डायलच्या काळातही होती. १९७०च्या दशकात बेल लॅब्जमध्ये जन्मलेली यूयूसीपी ही पद्धत फाइली रांगेत लावून ठेवायची, सोयीच्या वेळी पुढच्या यंत्राला फोन लावायची, ढीग सोपवायची आणि फोन ठेवायची. पुढचं यंत्र त्याच्या सवडीने पुढे ढकलायचं. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात भारतातल्या अर्नेट या शैक्षणिक जाळ्याचा टपालव्यवहारही असाच चाले, आणि त्यातलं एक महत्त्वाचं ठाणं होतं मुंबईत जुहूला, नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीत. ते काम उभं करणारे श्रीनिवासन रमणी यांना २०१४ मध्ये इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. ही संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. भारतातल्या सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते अर्नेटच्या या व्यवहारानंतर, १५ ऑगस्ट १९९५ ला.

एफटीपीचं वय आता दिसतं. पासवर्ड उघड्यावरून जातो, म्हणून त्यावर कुलूप चढवलेलं एफटीपीएस आलं. एसएफटीपी हा नावापुरता भाऊबंद, तो मुळात एसएसएच या वेगळ्या, कुलूपबंद शिष्टाचाराच्या घरातला. क्रोम आणि फायरफॉक्स या दोन्ही ब्राउझरनी २०२१ मध्ये एफटीपीला निरोप दिला. पण माणसांनी सोडलं तरी यंत्रांनी सोडलेलं नाही. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर म्हणून भिवंडीच्या शिवारात गोदामं वाढली. जकात २०१७ मध्ये गेली, गोदामं राहिली. मालसाठवणुकीच्या या धंद्यात ऑर्डरी आणि साठ्याच्या याद्या आजही अनेकदा कुठल्यातरी सर्व्हरच्या फोल्डरात फाइल टाकूनच पोचतात. अंबाडी नाक्यावर अडकलेल्या कंटेनरची यादी बहुतेक वेळा त्याच्या आधी पोचलेली असते.

परवा मोठी फाइल उतरवत होतो, सर्व नोंदींची एकत्र. संध्याकाळी वीज गेली, राउटर विझला. तासाभराने आली तेव्हा डिस्कवर अर्धवट फाइल होती, ४१,९४,३०४ बाइटची. शेवटी ‘पार्ट’ जोडलेल्या तात्पुरत्या नावाने ती ठेवलेली होती, पुरी झाल्यावरच खरं नाव द्यायचं म्हणून. प्रोग्रामने सर्व्हरला ‘रेस्ट’ आणि तो आकडा सांगितला: एवढे आलेत, पुढचे दे. सर्व्हर म्हणाला ‘३५०’, आणि जिथे तुटलं तिथून पुढे सुरू झालं.

काका खुर्ची ओढून शेजारी बसले होते. ‘‘मागावर धागा तुटला ना, की माग उलटा फिरवून नेमका तो फेरा शोधायला लागतो,’’ ते म्हणाले. ‘‘एक फेरा इकडेतिकडे झाला तर कापडावर आडवी पट्टी येते. गिऱ्हाईक बरोब्बर तिथेच बोट ठेवतं. तुझ्यात जोड दिसतो का?’’

सर्व्हरवर फाइलीशेजारी तिची शा-२५६ छाप ठेवलेली होती, चौसष्ट अक्षरांची. एक बाइट जरी बदलला तरी ही ओळखू येणार नाही इतकी वेगळी येते. फाइल पुरी झाल्यावर मी आपल्या फाइलीची छाप काढली आणि दोन्ही एकाखाली एक मांडल्या. काकांनी चष्मा चढवला आणि बोट ठेवून एकेक अक्षर जुळवत गेले. बराच वेळ लागला. जोड कुठे दिसला नाही.